नाव बदललेल्या बियाणे कंपनीची वेबसाइट: मोबाइलपासून बांधणी

कंपनीचे नाव, बोधचिन्ह आणि रंग बदलले की पहिली बैठक हमखास मुखपृष्ठावरच्या फोटोवरून सुरू होते. ती थोडी पुढे ढकला. जालना किंवा अकोल्याच्या एखाद्या बियाणे कंपनीचे नाव बदलते, तेव्हा तिची वेबसाइट उघडणारा माणूस बहुतेक वेळा कृषी सेवा केंद्राच्या काउंटरपाशी उभा असतो. हातातल्या पाकिटावर नवे नाव, घरी ठेवलेल्या गेल्या वर्षीच्या पावतीवर जुने. बोगस बियाण्यांच्या बातम्या त्याने वाचलेल्या असतात. ही तीच कंपनी आहे का, हे वाण आपल्या जमिनीत चालेल का आणि अडचण आली तर फोन कुणाला करायचा, एवढेच त्याला हवे असते. ही उत्तरे ३६० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर, उन्हात आणि दोन कांड्या रेंजवर मिळाली पाहिजेत. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबाने मांडल्या आहेत.

१. आधी जुना पसारा गोळा करा

डिझाइनला हात लावण्यापूर्वी एक तक्ता उघडा. त्यात जुन्या साइटवरच्या प्रत्येक पानाचा पत्ता (यूआरएल) उतरवून घ्या. साइटमॅप (साइटवरच्या पानांची यादी), गूगल सर्च कन्सोल (साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते सांगणारे साधन) आणि सर्व्हरच्या नोंदी, तिन्हीकडून पत्ते काढा, कारण एकाही यादीत सगळे सापडत नाहीत. मग छापील गोष्टी पाहा: पाकिटांवरचे क्यूआर कोड, माहितीपत्रके, गावोगावच्या भिंतींवर रंगवलेल्या जाहिराती. भिंतीवरचा पत्ता कुणी जाऊन पुसत नाही, म्हणून जुने डोमेन दरवर्षी नूतनीकरण करून जवळ ठेवावेच लागते. ते सोडले आणि दुसऱ्या कुणी घेतले, तर तुमच्याच क्यूआर कोडवरून शेतकरी परक्या साइटवर जाईल.

तक्त्याच्या दुसऱ्या रकान्यात प्रत्येक जुन्या पत्त्यासमोर नवा पत्ता लिहा. नुसते नाव बदलले असेल, जसे युनायटेड फॉस्फरसचे २०१३ मध्ये यूपीएल झाले, तर हे काम एकास एक जुळणीचे असते. दोन कंपन्या एकत्र आल्या असतील, जशा ॲग्रियम आणि पोटॅशकॉर्प या खत कंपन्या मिळून १ जानेवारी २०१८ रोजी न्यूट्रियन झाली, तर एकाच विषयाची दोन-दोन पाने हाती येतात आणि कोणते ठेवायचे हे आधी ठरवावे लागते. काहीच जुळत नाही म्हणून सगळे जुने पत्ते मुखपृष्ठाकडे वळवणे ही नेहमीची चूक आहे. कापसाच्या वाणाचा क्यूआर कोड उघडून मुखपृष्ठावर पोचलेला माणूस पुन्हा शोधत बसत नाही. गूगलही अशा वळवलेल्या पानांना बहुधा ‘पान सापडले नाही’ यातच मोजते.

२. नाव बदलल्याचे सांगायची जागा

मुखपृष्ठावर, लोगोच्या लगेच खाली, एका ओळीची पट्टी द्या: ‘पूर्वीचे नाव अमुक सीड्स. कंपनी तीच, नाव नवे.’ ती दाबली की एक छोटे पान उघडावे. त्यात जुने आणि नवे पाकीट शेजारी-शेजारी, बदलाची तारीख, जुन्या पावत्या व तक्रारी चालतील की नाही याचे स्पष्ट उत्तर आणि फोन नंबर, एवढेच असावे. ब्रँडचे तत्त्वज्ञान दुसरीकडे लिहा.

हा नुसता शिष्टाचार नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२ नुसार कंपनीचे नाव बदलल्यावर दोन वर्षे पाटी, लेटरहेड, बिले अशा ठिकाणी नव्या नावासोबत जुनेही द्यावे लागते. कंपन्यांच्या स्थापनेविषयीच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे वेबसाइटच्या मुखपृष्ठावर कंपनीचे नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, सीआयएन (कंपनीचा नोंदणी) क्रमांक, दूरध्वनी, ईमेल आणि चौकशी-तक्रारीसाठी संपर्काच्या व्यक्तीचे नाव हवे. हे सगळे पानाच्या शेवटी असलेल्या तळपट्टीत बसते. फक्त मोबाइलवर तळपट्टी मिटवून ठेवू नका.

३. सांगाडा: अरुंद पडद्याकडून रुंद पडद्याकडे

रिस्पॉन्सिव्ह, म्हणजे पडद्याच्या मापानुसार बदलणाऱ्या, रचनेची मांडणी वेब डिझायनर ईथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये केली, तेव्हा तिचे तीन भाग होते: टक्केवारीवर चालणारी जाळी, लवचिक चित्रे आणि मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीनुसार नियम बदलणारी अट). आजही पाया तोच आहे, हत्यारे मात्र बरीच सोपी झाली आहेत.

पानाच्या शीर्षभागात व्ह्यूपोर्टचा (पान दिसण्याच्या चौकटीचा) मेटा टॅग टाका: रुंदी उपकरणाइतकी, सुरुवातीचा झूम १. हा विसरला तर मोबाइल साधारण ९८० पिक्सेल रुंदीचे पान समजून सगळे बारीक करून दाखवतो आणि सीएसएस (पानाची मांडणी ठरवणारा कोड) कितीही चांगली असली तरी वाया जाते. झूम करण्यावर बंदी घालू नका, वयस्कर वाचकाला त्याची गरज असते.

मूळ सीएसएस ३६० पिक्सेलसाठी लिहा, एकाच स्तंभात. मग ‘किमान रुंदी’ अटीने ६००, ९०० आणि १२०० ला बदल जोडा. उलट, आधी डेस्कटॉप लिहून मोबाइलसाठी एकेक गोष्ट रद्द करत गेलात, तर नियम एकमेकांना छेद देतात आणि शेवटी आधीचा नियम दाबण्यासाठी जिथे तिथे ‘इम्पॉर्टंट’ लिहायची पाळी येते. हे थांबे, म्हणजे मांडणी बदलायच्या रुंद्या, फोनच्या मॉडेलवरून ठरवायचे नसतात. खिडकी हळूहळू रुंद करा, मजकूर जिथे विचित्र दिसू लागेल तिथे थांबा टाका.

वाणांच्या कार्डांना मीडिया क्वेरी लागतच नाही. सीएसएस ग्रिडमध्ये ‘ऑटो-फिल’सह स्तंभाची किमान रुंदी १६ रेम (रेम हे मूळ अक्षराच्या आकारावर चालणारे माप) द्या, म्हणजे मोबाइलवर एक, टॅबलेटवर दोन आणि मोठ्या पडद्यावर चार कार्डे आपोआप बसतात. तेच कार्ड अरुंद बाजूपट्टीतही वापरायचे असेल तर कंटेनर क्वेरी घ्या, ती पडद्याऐवजी कार्डाच्या जागेची रुंदी पाहते. २०२३ पासून त्या सर्व प्रमुख ब्राउझरांत चालतात.

पडद्याच्या तळाशी, पान सरकवले तरी जागेवर राहणारी एक पट्टी हवी: फोन, व्हॉट्सॲप, जवळचा विक्रेता. उंची ५६ पिक्सेल पुरे, प्रत्येक बटणाची दाबण्याची जागा ४८ पिक्सेलपेक्षा कमी नको. पानाच्या तळाला तेवढेच पॅडिंग द्या, नाहीतर शेवटची ओळ कायम झाकलेली राहते. मुख्य चित्राला पडद्याची पूर्ण उंची देताना ‘१०० व्हीएच’ (पडद्याच्या उंचीचे १०० टक्के) टाळा. मोबाइल ब्राउझरची पत्त्याची पट्टी त्यात धरलेली नसते, त्यामुळे चित्राखालचे बटण पडद्याबाहेर जाते. पत्त्याची पट्टी धरून मोजणारे ‘एसव्हीएच’ वापरा किंवा पूर्ण उंचीचा नादच सोडा.

आणि स्लायडर? संचालकांना पाच फोटोंचा स्लायडर हवा असतो, शेतकऱ्याला तो नको असतो. एक फोटो, त्यावर हंगामानुसार एक वाक्य.

४. देवनागरी: इथे सर्वांत जास्त बिघडते

ब्रँडच्या नियमावलीत मथळे मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत, अक्षरांमध्ये थोडी जागा सोडून, असे लिहिलेले असते. ते रोमन लिपीपुरते ठीक. मराठी मथळ्याला अक्षरांतर (अक्षरांमधली जादा जागा) दिले की शिरोरेषा तुटते. मराठी मजकुरासाठी अक्षरांतर शून्य, हा नियम सीएसएसमध्ये वेगळा लिहून ठेवा. ओळींतले अंतर १.६ ते १.७५ असावे, कारण वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार इंग्रजीसाठी ठरवलेल्या १.४ मध्ये एकमेकांना भिडतात. मजकूर १७-१८ पिक्सेलएवढा, पण माप रेममध्ये, म्हणजे फोनमध्ये अक्षर मोठे करून ठेवलेल्या माणसाला ते मोठेच दिसेल.

एचटीएमएलच्या मूळ टॅगवर भाषा मराठी असल्याचा ‘एमआर’ संकेत लिहा. नोटो सान्स देवनागरीसारखे काही फॉन्ट त्यावरूनच मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ निवडतात. संकेत ‘हिंदी’ राहिला तर पान हिंदी वळणाचे दिसते. वाचकाला नेमके काय खटकले ते सांगता येत नाही, पण खटकते.

देवनागरी फॉन्टच्या फाइली जड असतात, म्हणून त्यातली ‘नको ती’ अक्षरे काढण्याचा मोह होतो. जोडाक्षरांचे तक्ते आणि अदृश्य जोडचिन्हे त्यात उडाली, तर साइटवरचा सर्वाधिक वापरलेला शब्द, ‘शेतकऱ्यांसाठी’, मोडून पडतो. त्यातला ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकला जातो: नुक्त्याचा ऱ घेऊन, किंवा साध्या र नंतर हलन्त आणि शून्य रुंदीचे जोडचिन्ह घेऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. म्हणून साइटवरच्या शोधखिडकीत दोन्ही रूपे एकाच रूपात आणून मगच जुळवा. ‘ॲग्रो’मधल्या ‘ॲ’चेही तसेच आहे. काही जण ‘अ’वर चंद्र वेगळा टंकतात आणि काही फोनांवर तो ठिपक्यांच्या वर्तुळासह दिसतो. कंपनीच्या नावात हे अक्षर असेल तर एकसंध ‘ॲ’ ठरवून टाका आणि सगळीकडे तोच चिकटवा.

सर्वांत स्वस्त उपाय असा: मुख्य मजकुराला फोनमधलाच देवनागरी फॉन्ट वापरा. अँड्रॉइडमध्ये नोटो असतोच, त्यामुळे एकही केबी खर्च होत नाही. ब्रँडचा फॉन्ट फक्त मथळ्यांना, एकाच जाडीत, डब्ल्यूओएफएफ-२ या वेबसाठीच्या हलक्या रूपात द्या. तो येईपर्यंत मजकूर दिसत राहील अशी ‘स्वॅप’ सोय ठेवा.

जुन्या माहितीपत्रकांतला मजकूर श्री-लिपी किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर तो तसाच चिकटवून चालत नाही, पडद्यावर रोमन अक्षरांचा गोंधळ उमटतो. युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि मग माणसाने एकदा डोळ्यांखालून घाला. रूपांतरात रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास सरकते, आकडे व चिन्हेही बदलतात. बियाणे प्रक्रियेच्या मात्रेतला दशांशचिन्ह गायब झाला तर ती मुद्रणदोषाची बाब राहत नाही.

कार्डावर मजकूर ठरावीक अक्षरांवर कापू नका, मात्रा किंवा अर्धे अक्षर मध्येच तुटते. ‘तीन ओळींनंतर टिंबे’ हे काम सीएसएसच्या लाइन-क्लॅम्पवर सोपवा. पानांचे पत्ते मात्र रोमन लिपीत, छोटे ठेवा. देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवर चिकटवला की अनेकदा टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते आणि लोक ती फसवी लिंक समजतात.

५. रंग, लोगो, फोटो

शेती म्हटले की हिरवा, आणि नव्या ब्रँडचा हिरवा बहुधा पोपटी असतो. पांढऱ्यावर पोपटी अक्षरांचा उठाव (कॉन्ट्रास्ट) २ : १ च्या आसपास भरतो, तर सुलभतेच्या निकषाला नेहमीच्या मजकुरासाठी ४.५ : १ लागतो. पोपटी पार्श्वभूमी, पट्ट्या आणि चित्रांसाठी राखून ठेवा, अक्षरांना व बटणांना त्याच घराण्यातला गडद हिरवा घ्या. उन्हात वाचायचा मजकूर असेल तर ७ : १ गाठलेला बरा. सगळे रंग सीएसएस चलांमध्ये (व्हेरिएबल) एकाच ठिकाणी लिहा. रिब्रँडिंगच्या पहिल्या महिन्यांत छटा बदलतेच, तेव्हा चाळीस फायली उघडाव्या लागत नाहीत.

एक अपवाद कटाक्षाने पाळा. कंपनी कीटकनाशकेही विकत असेल तर लेबलवरचे लाल, पिवळे, निळे आणि हिरवे त्रिकोण विषारीपणाची श्रेणी सांगतात. उत्पादनाच्या फोटोंवर ब्रँडच्या रंगाचा फिल्टर चढवला की पिवळा हिरवट दिसू लागतो. असले फोटो फिल्टरमधून वगळा.

लोगो एसव्हीजीमध्ये (कितीही मोठा केला तरी न फाटणाऱ्या रूपात) घ्या आणि त्यातली अक्षरे आधी बाह्यरेषांत बदला, नाहीतर फोनवर भलताच फॉन्ट लागतो. दोन रूपे हवीत: आडवे, आणि फक्त चिन्हाचे. मोबाइलवर लोगोची रुंदी १४० पिक्सेलपर्यंत ठेवा.

प्रत्येक फोटो ४८०, ८०० आणि १२०० पिक्सेल अशा तीन रुंदीत, वेबपी या हलक्या रूपात काढा आणि ‘एसआरसीसेट’मध्ये, म्हणजे एकाच चित्राच्या मापांच्या यादीत, द्या. सोबत चित्र किती रुंद दिसणार ते सांगणारे ‘साइझेस’ नीट लिहा, नाहीतर ब्राउझर चित्र पडद्याच्या पूर्ण रुंदीचे धरतो आणि छोट्या कार्डासाठीही सर्वांत मोठी फाइल उतरवतो. प्रत्येक चित्राला रुंदी आणि उंची आकड्यांत द्या, म्हणजे चित्र येताना मजकूर खाली उडी मारत नाही. खालच्या फोटोंना आळशी लोडिंग (वाचक तिथे पोचल्यावरच फोटो उतरवणे) लावा, पण मुख्य चित्राला कधीच नको, त्याने पहिला पडदा उशिरा भरतो. मुख्य चित्र १०० केबीच्या आत आणि पहिले पूर्ण पान ५०० केबीच्या आत, अशी मर्यादा घालून घ्या. यूट्यूबचा व्हिडिओ थेट न जडवता चित्र ठेवा, दाबल्यावरच व्हिडिओ येऊ दे.

व्हॉट्सॲपवर लिंकसोबत दिसणारे चित्र १२०० बाय ६३० पिक्सेलचे, नव्या लोगोचे करा आणि त्याच्या फाइलचे नाव बदला. नाव तेच ठेवले तर जुन्या लोगोचे साठवलेले चित्र दिसत राहू शकते.

६. वाणाचे पान

क्रम असा ठेवा: वाणाचे नाव (नाव बदलले असेल तर जुनेही), पीक, कालावधी दिवसांत, जमीन, लागवडीचे अंतर, एकरी बियाणे, पाकिटाचे वजन. मग फोटो. मग बाकीचे. क्षेत्र एकर आणि गुंठ्यांत द्या. ४० गुंठ्यांचा एकर सगळ्यांना पाठ असतो, हेक्टर कंसात चालेल.

इथे एक छोटे गणकयंत्र फार उपयोगी पडते. एकराचे ४३,५६० चौरस फूट, त्याला दोन ओळींतले आणि दोन रोपांतले अंतर यांच्या गुणाकाराने भागा. कापूस ४ बाय २ फुटांवर लावला तर ५,४४५ झाडे, ३ बाय १ वर १४,५२०. दोन खिडक्या, एक उत्तर. लोक अंतर देवनागरी आकड्यांतही टाकतात, म्हणून ते आधी साध्या अंकांत बदला. ‘नंबर’ प्रकारची खिडकी देवनागरी अंक स्वीकारत नाही, त्यामुळे प्रकार ‘टेक्स्ट’ आणि कीबोर्ड दशांशासह आकड्यांचा असा मेळ घाला.

मात्रांचे तक्ते मोबाइलवर बसत नाहीत म्हणून रकाने लपवायची पद्धत आहे. जाहिरातीच्या तक्त्यात ती चालेल, मात्रेच्या तक्त्यात नाही. ‘प्रति किलो बियाण्यास’ किंवा ‘प्रति १० लिटर पाण्यात’ हा रकाना लपला तर उरलेला आकडा धोकादायक आहे. तक्त्याला स्वतःपुरते आडवे सरकू द्या आणि पहिला रकाना जागेवर चिकटवा. त्याहून चांगले म्हणजे अरुंद पडद्यावर प्रत्येक ओळीचे कार्ड करा आणि एकक आकड्याला जोडूनच लिहा.

७. विक्रेता शोध आणि फॉर्म

आधी जिल्हा, मग तालुका, मग दुकानांची यादी. आल्याआल्या लोकेशनची परवानगी मागू नका. नकार मिळाला की अनेक साइटवर पुढे काहीच होत नाही. शोधात जिल्ह्यांची जुनी नावेही चालली पाहिजेत: औरंगाबाद टाइप केले तरी छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादला धाराशिव, अहमदनगरला अहिल्यानगर. दुकानाचा फोन दाबताच लागावा. व्हॉट्सॲपच्या दुव्यात क्रमांकाआधी ९१ असतो, अधिकचे चिन्ह आणि सुरुवातीचे शून्य नसते.

तक्रारीच्या फॉर्मला चार खिडक्या पुरेत: नाव, मोबाइल, तालुका, पाकिटावरचा लॉट क्रमांक. सोबत पाकिटाचा फोटो जोडण्याची सोय द्या. खिडक्यांतला मजकूर १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर आयफोनवर पान आपोआप झूम होते आणि तसेच राहते. चूक दाखवणारा संदेश खिडकीखाली, मराठीत, काय करायचे ते सांगणारा: ‘मोबाइल क्रमांक १० अंकी टाका.’ २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांतही मिळण्याची तरतूद आहे, तेव्हा ती मराठीत लिहून ठेवा.

८. तपासणी आणि स्थलांतर

ब्राउझरचा मोबाइल देखावा हा अंदाज आहे, पुरावा नाही. दोन-तीन वर्षे वापरलेला, ३-४ जीबी रॅमचा अँड्रॉइड फोन घ्या, अक्षर मोठे करा, बाहेर उन्हात जा आणि विक्रेता शोधून पाहा. ३२० पिक्सेल रुंदीलाही पान आडवे सरकता कामा नये. सरकत असेल तर बहुधा एखादा लांब शब्द, ठरावीक रुंदीचा तक्ता किंवा जडवलेला नकाशा कारणीभूत असतो. फेसबुकच्या जाहिरातीवरून येणारी माणसे त्याच ॲपमधल्या ब्राउझरमध्ये पान पाहतात, तिथेही फोन-व्हॉट्सॲपची बटणे चालवून पाहा.

गूगलचे तीन मापदंड ध्यानात असू द्या: मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसणे, दाबल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद, आणि पान उघडताना मजकूर मारतो त्या उड्यांचा निर्देशांक ०.१ च्या आत. भेटींपैकी ७५ टक्के यात बसल्या पाहिजेत. प्रतिसादात नापास होण्याचे कारण बहुतेकदा चॅटची खिडकी किंवा मोजदादीच्या चार-पाच स्क्रिप्ट असतात, डिझाइन नसते.

खरिपाचे बियाणे विकणाऱ्या कंपनीने साइट जानेवारी-फेब्रुवारीत हलवावी. पाडव्याला घोषणा करायची तर जरूर करा, पण साइट त्याआधी महिनाभर चालू असू द्या. मे-जूनमध्ये डोमेन बदलणे म्हणजे गर्दीच्या दिवसांत दुकानाचे शटर ओढणे.

हलवायच्या दिवशी प्रत्येक जुन्या पत्त्यावरून ३०१ पुनर्निर्देशन (पत्ता कायमचा बदलल्याचे सांगून आपोआप वळवणे) एकाच उडीत नव्या पानावर न्या. जुना पत्ता, मग त्याचेच सुरक्षित (एचटीटीपीएस) रूप, मग नवा पत्ता अशी साखळी करू नका, मंद नेटवर्कवर प्रत्येक उडी जाणवते. मग नव्या डोमेनचा साइटमॅप द्या आणि सर्च कन्सोलमध्ये पत्ताबदल नोंदवा. पुनर्निर्देशन निदान वर्षभर ठेवावे असे गूगल सांगते. छापील क्यूआर कोड असलेल्या कंपनीने ते कायमच ठेवावे. जुन्या डोमेनवरचे ईमेल चालू ठेवा, विक्रेते ऑर्डर त्याच पत्त्यावर पाठवत राहतात आणि कुठलीच चूक दिसत नाही, नुसती ऑर्डर येत नाही.

पहिले दोन आठवडे ‘पान सापडले नाही’च्या नोंदी रोज पाहा आणि राहिलेले पत्ते जोडत जा. साइटवरच्या शोधखिडकीत लोक काय टाइप करतात तेही बघा. जुन्या नावाने शोध येत असेल तोवर शीर्षकात आणि कंपनीच्या संरचित माहितीत (शोधयंत्रांसाठी पानात लिहिलेल्या नोंदीत) ‘पर्यायी नाव’ म्हणून ते राहू द्या. वरची पट्टी दोन खरिपांनंतर, पण दोन वर्षे पुरी झाल्यावरच, उतरवता येते, नावाचे पान मात्र तळपट्टीत ठेवून द्या.